‘येजो’चे एकवचन

प्रकरणाच्या तारखा पुढे देत आहे. इंग्रजी तारखा मुद्दाम टाळल्या आहेत, कारण ज्या काळातले हे प्रकरण आहे त्या काळी आमच्या वऱ्हाडात दिवस पिकांवरून आणि सणांवरून ओळखले जात. पहिली तारीख, माझ्या मॅट्रिकच्या वर्षीचा मार्गशीर्षातला एक रविवार, ज्वारीच्या कणसात चीक भरला होता तेव्हाचा; मुक्काम हिवरखेड, तालुका तेल्हारा. दुसरी, त्याच हिवाळ्यातली संक्रांत. मुक्काम अकोला, जठारपेठ. तिसरी, माझा शाळासोबती गजानन याच्या थोरल्या मुलीचे लग्न; मुक्काम अकोट. आणि चौथी, या वर्षीच्या हुरड्याचा दिवस. मुक्काम पुन्हा हिवरखेड, तेच शेत.

मी ज्यांना जबाबदार धरतो त्यांची नावेही आरंभीच सांगतो, म्हणजे मागाहून कोणी ‘आम्हांला कल्पना नव्हती’ असे म्हणू नये. गजानन, जो आज गजाननराव आहे आणि ज्याला मी उभे आयुष्य मित्र म्हणत आलो. त्याची मामेबहीण कुंदा, जी आता या जगात नाही आणि म्हणून जिच्यावरचा आरोप मला अर्ध्यावर सोडावा लागतो. आणि माझी आई, पुण्याच्या सदाशिव पेठेतून अमरावतीस आलेली, जिने मला घरात एकदाही ‘मले’ म्हणू दिले नाही.

यंदाही मोसम आला. त्याची वर्दी मला कॅलेंडरवरून मिळत नाही. सकाळी फिरायला निघावे, हवेत थंडीची पहिली धार असावी, रस्त्याच्या कडेला कोणीतरी पालापाचोळा पेटवलेला असावा आणि त्या धुरात क्षणभर गोवरीचा वास यावा, की माझी पावले मंदावतात. बरोबर फिरणारे निवृत्त प्राध्यापक पुढे निघून जातात. त्यांना वाटते, गुडघे दुखतात. दुखतात ते गुडघे नव्हेत, पण रस्त्यात उभे राहून हे कोणाला सांगावे? हा धूर नाकात गेला की मी सोळा वर्षांचा होतो आणि तळहात उघडा धरून एका आगटीपाशी बसलेला असतो. त्या तळहातावर कोणीतरी ऊन ऊन हुरडा ओतणार असते.

आता ज्वारी कुठे राहिली? अमरावतीहून अंजनगावमार्गे अकोटकडे जाताना पूर्वी दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीची ज्वारी उभी असे. एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढला तर पाती बोटांना कापून जात. आता सोयाबीन निघून गेल्यावरची बोडकी शेते दिसतात, पलीकडे कपाशी, आणि मध्ये मध्ये पिवळ्या फुलांची तूर. ज्वारी पेरली तर रानडुकरे आणि पाखरे ठेवत नाहीत, असे शेतकरी सांगतात आणि ते खरेही असेल. गजानन विहिरीजवळ एक तुकडा ज्वारी अजून पेरतो. खाण्यासाठी नव्हे, केवळ मार्गशीर्षात आम्हां जुन्या मित्रांना हुरड्यास बोलावता यावे म्हणून. या गोष्टीबद्दल मी त्याचा ऋणी होतो. क्रियापद भूतकाळी वापरले आहे, याची नोंद घ्यावी.

गजानन शिक्षणासाठी अमरावतीत खोली करून राहत असे आणि आमच्या वर्गात माझ्या बाकावर बसे. त्या वर्षी त्याच्या वडिलांनी निरोप धाडला, की पोराच्या दोस्तांना हुरडा खाऊ घालायचा आहे. आम्ही पाचसहा जण एसटीने निघालो. अकोटला गाडी बदलली. हिवरखेडच्या फाट्यावर गजाननच्या घरची बंडी आणि तिचे पांढरे बैल वाट पाहत उभे होते. माझ्या आयुष्यातली ती पहिली पार्टी. तो शब्ददेखील आम्हांला नवा होता. शंकर नावाचा आमचा एक वर्गमित्र तो वाटभर ‘पाल्टी’ असा उच्चारत होता आणि मी त्याला दुरुस्त करत होतो. दुरुस्त करणे हा आमच्या घरचा धर्म होता. वडील दिवाणी वकील. ते पक्षकाराचे कागद दुरुस्त करत. आई भाषा दुरुस्त करी.

शेतात पोचलो तेव्हा ऊन कोवळे होते. धुऱ्यावर, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधावर, बाभळीच्या सावलीत जमिनीत खळगा करून गोवऱ्यांची आगटी पेटवलेली. तिच्यात हिरवी कणसे खुपसून ठेवलेली. घोंगड्या अंथरलेल्या. जवसाची चटणी, गूळ, दही, बोरे. आणि आगटीच्या पलीकडे, डोक्याला रुमाल बांधून, राखेने कपाळ माखलेली एक मुलगी भाजलेले कणीस तळहातांमध्ये धरून चोळत होती. तिने ओंजळ वर केली, फुंकर मारली. भुसा उडून माझ्या शर्टावर आला. हिरवे, टपोरे, मऊ दाणे तिच्या हातात राहिले. ही कुंदा. गजाननच्या मामाची मुलगी, अकोल्याची, आमच्याच वयाची. मामा तेव्हा अकोल्यास घर बांधून राहिले होते आणि मुलीला शाळेत घालून तिथेच शिकवत होते.

मी एक कणीस उचलले. ते निखाऱ्यातून नुकतेच निघालेले होते. चोळायला गेलो आणि हातून पडले.

“हात जळते न बापा!” ती म्हणाली. “तुयाच्यानं होत नाई. दे इकडं.”

तिने ते कणीस उचलले, चोळले, फुंकले, आणि म्हणाली, “हात कर.” मी हात केला. तिने दाणे माझ्या तळहातावर ओतले. ते खरोखर पोळत होते. मी हात मागे घेतला नाही.

“वकिलाचा पोरगा न तू? मंग नुसता बोलशीन का खाशीन बी?”

मी खाल्ले. दुसऱ्यांदा तिने हात पुढे केला तेव्हा मी भांबावून म्हणालो, “मला नको, धन्यवाद.”

आगटीभोवती जो हशा उसळला तो मला आजही ऐकू येतो. गजानन घोंगडीवर आडवा झाला. “धन्यवाद म्हणते बे हा! हुरड्याले धन्यवाद! आता ज्वारीले बी अर्ज करशीन काय?”

कुंदा हसली नाही. कणीस चोळता चोळता म्हणाली, “असू दे न गजूभाऊ. चांगलं वाटते आयकाले.”

येथे मी थांबतो, कारण या एका वाक्यावर मी माझे बरेच तारुण्य खर्च केले आहे. ‘चांगलं वाटते आयकाले.’ कोणाचे बोलणे ऐकायला चांगले वाटते? पुणेरी मराठी, की ती बोलणारा? आणि याच मुलीने दुपारी जेवणाच्या वेळी गजाननच्या आईपुढे मान वेळावून, अगदी माझ्या स्वरात, “मला नको, धन्यवाद” असे म्हणून दाखवले आणि सगळ्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मी विहिरीवर पाणी प्यायला गेलो होतो; मला ऐकू आले. एकच मुलगी, एकच दिवस, एकच वाक्य. सकाळी त्याचे रक्षण केले, दुपारी त्याची नक्कल केली. पुढे वकिलीत मी असे साक्षीदार पुष्कळ पाहिले. न्यायाधीश त्यांच्याकडे चष्म्यावरून पाहत आणि दोन्ही बाजू त्यांना आपलाच म्हणत.

अनुकूल पुराव्यात आणखी एक गोष्ट आहे. ती आम्हां सर्व मुलांना भाऊ म्हणे. “शंकरभाऊ, गूळ घे.” “गजूभाऊ, पानी आन.” मला मात्र दिवसभरात एकदाही भाऊ म्हणाली नाही. मला ती म्हणे, “वकील, दही घे.” आमच्या भागात मुलीने परक्या मुलाला भाऊ म्हणणे म्हणजे कुंपण घालणे होय; कुंपणाच्या आत सगळे मोकळेपणाने बोलतात, हसतात, थट्टा करतात. माझ्याभोवती ते घातलेच गेले नाही. मी शेताच्या उघड्या बाजूला उभा होतो, आणि त्या बाजूने आत येता येते की केवळ बाहेर जाता येते, हे मला कोणी सांगितले नाही.

ऊन कलले. फाट्यावरची शेवटची गाडी चुकू नये म्हणून आम्ही बंडीत चढलो. मी कडेला होतो, माझ्या शेजारी शंकर, त्याच्यापुढे बाकीचे. कुंदा धुऱ्यावर उभी होती. रुमाल सुटून खांद्यावर आला होता. बैलांनी पहिले पाऊल उचलले आणि ती म्हणाली:

“येजो अकोल्याले. संक्रांतीले.”

ज्यांना वऱ्हाडी बोली परिचित नाही त्यांच्यासाठी थोडे व्याकरण सांगणे भाग आहे, कारण प्रकरणाचा सारा भार त्यावर आहे. ‘ये’ म्हणजे आत्ता ये. ‘येजो’ म्हणजे पुढे केव्हातरी ये, विसरू नकोस. या रूपात हुकूम आहे, आर्जव आहे आणि थोडी मायाही आहे. प्रमाण मराठीत याला तोड नाही. हे झाले एकवचन. अनेकांना सांगायचे असेल, किंवा एकालाच मानाने सांगायचे असेल, तर ‘येजा’. आम्ही बंडीत पाचसहा जण होतो. सगळ्यांना निरोप द्यायचा असता तर ती ‘येजा’ म्हणाली असती. ती ‘येजो’ म्हणाली. मग कोणाला? शंकरला म्हणाली असती तर भाऊ जोडला असता. गजानन तर मागेच थांबला होता. उरलो मी.

रात्रभर, आठवडाभर, महिनाभर मी हा युक्तिवाद स्वतःपुढे मांडला आणि प्रत्येक वेळी माझ्या बाजूने निकाल लागला. प्रतिपक्षाचे म्हणणे पुढे वकील झाल्यावरच मला सुचले. करारात प्रस्ताव वेगळा आणि प्रस्तावाचे आमंत्रण वेगळे. दुकानाच्या काचेत वस्तू मांडली म्हणजे दुकानदाराने ती तुम्हांला देऊ केली, असे होत नाही. वऱ्हाडात दारातून निघणाऱ्या प्रत्येकाला ‘येजो’ म्हणतात. भाजीवाल्यालाही म्हणतात. कुंदाने कदाचित काचेत वस्तू मांडली होती. पण मग ‘संक्रांतीले’ का म्हणाली? भाजीवाल्याला कोणी सण नेमून देत नाही.

मी गेलो. घरी सांगितले की गणिताच्या सराव प्रश्नपत्रिका आणायच्या आहेत. बडनेऱ्याहून रेल्वेने अकोला, स्टेशनवरून चालत जठारपेठ. अंगात वडिलांचा जुना कोट, खिशात हलव्याची पुडी. गल्लोगल्ली बायका वाण घेऊन निघालेल्या. घर विचारत विचारत गेलो. दार कुंदाने उघडले. नवे पोलके, केसांत अबोलीचा गजरा. ती माझ्याकडे पाहतच राहिली आणि म्हणाली:

“काहून आला?”

वऱ्हाडात हे स्वागत आहे, हे मला आज ठाऊक आहे. पाहुणा उंबऱ्यावर आला की ‘काहून आला, सगळं बरं हाय न?’ असे काळजीने विचारतात. सासू जावयाला विचारते, बहीण भावाला विचारते. परंतु त्या क्षणी माझे कान माझे नव्हते, आईचे होते. पुण्याच्या कानाला ‘का आलास?’ म्हणजे दार लावून घेण्याचीच तयारी. आईने मला ही बोली बोलू दिली नाही, इतकेच असते तर चालले असते. तिने ती मला ऐकूही दिली नाही. मी उंबऱ्यावर गारठलो. माझ्या तोंडून शब्द निघाला, “सहज.”

सहज! अमरावतीहून अकोल्यास, कोट घालून, संक्रांतीच्या दिवशी, सहज!

आतून भारदस्त आवाज आला. “कोन हाय वं?”

“गजूभाऊच्या शाळेतले हायेत, बाबा.”

‘हायेत.’ अनेकवचन सुरू झाले. मामा आत बंगळीवर, म्हणजे झोपाळ्यावर, बसले होते. त्यांनी मला समोरच्या खुर्चीवर बसवले, वडिलांचे नाव विचारले, आडनाव पुन्हा एकदा विचारले आणि ऐकून गप्प झाले. त्या मौनात आमची दोन्ही घरे, दोन्हींची देवघरे, दोन्ही स्वयंपाकघरे आणि पंगतींतली अंतरे येऊन बसली. “गणिताच्या पेपरासाठी आलो होतो,” मी म्हणालो.

“मंग भेटला का पेपर?”

“नाही.”

“सणाच्या दिवशी कोन देते पेपर!” मामा म्हणाले. त्यात राग नव्हता. मला तर दया जाणवली, आणि तीच जास्त लागली.

कुंदा वाटी घेऊन आली. माझ्यापुढे वाकली नाही, सरळ उभी राहिली आणि म्हणाली, “घ्या भाऊ, तिळगूळ.”

‘घ्या.’ ‘भाऊ.’ धुऱ्यावर जे एकवचन मिळाले होते ते बापाच्या बैठकीत परत घेतले गेले आणि जे कुंपण त्या दिवशी घातले नव्हते तेही त्याच वाटीतून वाढले गेले. आता हे बापाच्या कानांसाठी होते की माझ्या? मुलगी धाकात असेल तर तिचे शब्द तिच्याविरुद्ध वाचता येत नाहीत, हे साधे तत्त्व आहे. पण धाकात नसेल तर? मी तिच्या चेहऱ्याकडे पाहू शकलो असतो, तर कदाचित कळले असते. मी वाटीकडे पाहत होतो. हलव्याची पुडी खिशातच राहिली. निघताना ती दारापर्यंत आली. मी रस्त्याच्या वळणावरून मागे पाहिले तेव्हा दार अर्धे उघडे होते. अर्धे दार हा पुरावा कोणत्या बाजूचा, हे मी आजही सांगू शकत नाही.

सोमवारी शाळेत गजाननला सगळे ठाऊक होते. मामांनी कळवले असेल किंवा आणखी कोणी. मधल्या सुटीत त्याने वर्गासमोर हात पसरून घोषणा केली: “आयका बे! हा अकोल्याले तिळगूळ खायले गेलता, अन् भाऊ होऊन आला!”

विनोद चांगला होता, हे मी मान्य करतो. चांगला होता म्हणूनच टिकला. मॅट्रिक झाली, मी वकील झालो, गजानन शेतीत गेला, शंकरने नोकरी केली आणि निवृत्त झाला. विनोद मात्र निवृत्त झाला नाही. दरवर्षी मार्गशीर्षात आम्ही हिवरखेडला जमतो, आगटी पेटते, पहिले कणीस निघते आणि गजानन सुरू करतो. आधी आम्ही मित्र हसत होतो, मग आमच्या बायका हसू लागल्या, मग मुले, आता नातवंडे हसतात. मीही हसतो. माझी पत्नी यवतमाळची आहे, थट्टेत कोणाला हार जात नाही, ती म्हणते, “बरं झालं भाऊ होऊन आले, नाहीतर मला कोण मिळालं असतं?” तिच्या या वाक्यात जितके औदार्य आहे तितके मी आयुष्यात कोणत्याही निकालपत्रात वाचले नाही.

कुंदाचे लग्न अकोल्यातच झाले. यजमान बँकेत होते. ती प्राथमिक शाळेत शिकवू लागली. हे सर्व मला गजाननकडून, कणसे चोळता चोळता, कळत गेले. हुरड्याला ती पुन्हा कधी आली नाही. एकदाच भेट झाली: गजाननच्या थोरल्या मुलीच्या लग्नात, अकोटला. मांडवात आम्ही जुने मित्र एका कोपऱ्यात बसलो होतो आणि कुंदा पंक्तीत आग्रह करत फिरत होती. चष्मा लागला होता, केस पिकले होते, आवाज शाळेच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा झाला होता. “कसे आहात, वकीलसाहेब?” तिने विचारले. मी म्हणालो, “बरा आहे.” आणि नेमक्या त्याच वेळी गजाननला विनोद आठवला. तिच्यासमोर, तिच्या यजमानांसमोर, त्याने तो संपूर्ण सांगितला. सगळे हसले. यजमानही हसले, सज्जन गृहस्थ होते.

कुंदा हसली नाही. हातातले जिलबीचे ताट तसेच धरून ती गजाननला म्हणाली, “खोटं काहून बोलून राहिला तू?”

आणि पुढच्या पंक्तीकडे गेली.

खोटे काय? मी गेलो होतो हे खोटे? तिळगूळ खाल्ला हे खोटे? की भाऊ होऊन परत आलो हे खोटे? त्या एका वाक्यात विनोदाचा कोणता भाग तिने नाकारला, हे विचारण्यासाठी मला केवळ पाच पावले चालायची होती. पण भर मांडवात, वधूच्या आत्याला, तिच्या नवऱ्यादेखत, कोणत्या अधिकाराने विचारणार? त्या दिवसापासून मात्र गजाननचा विनोद मला नुसता विनोद वाटेनासा झाला. तो आता वादग्रस्त कथन होता.

गेल्या पावसाळ्यात गजाननचा फोन आला. सोयाबीन भिजले, शेंगांना कोंब फुटले, विहीर काठोकाठ भरली, असे तो बराच वेळ सांगत राहिला आणि त्याच श्वासात म्हणाला, “अन् कुंदा गेली. परवाच्या दिवशी. बीपी वाढलं म्हने.” मी फोन ठेवला आणि अकोल्याच्या गाड्यांची वेळ पाहिली. मग पुन्हा खुर्चीत बसलो. तिच्या दारात जाऊन मी कोण म्हणून उभा राहणार होतो? भाऊ म्हणून?

आता चौथी तारीख. यंदाचा हुरडा. कुंदा गेल्यामुळे या वर्षी तरी तो विनोद होणार नाही, असे मी गृहीत धरले होते. हे गृहीत चुकीचे ठरले. आगटी पेटली, गजाननच्या नातसुनेने पहिली कणसे काढली आणि गजाननने सुरुवात केली. नेहमीची वाक्ये, नेहमीचे हातवारे. भाऊ होऊन आला. हशा. आणि मग, हशा ओसरत असताना, त्याने एक वाक्य जोडले जे त्याने यापूर्वी कधीही जोडले नव्हते:

“पन खरं सांगू का? त्या हुरड्याच्याच दिवशी, बंडी गेल्यावर, तिनं मले याच्याबद्दल इचारलं होतं बरं.”

माझ्या हातातले कणीस तसेच राहिले. “काय विचारलं होतं?”

“जाऊ द्या न, वकीलसाहेब.”

“गजानन, काय विचारलं होतं?”

“अजी, आता थे बिचारी राहिली काय? कायले उकरता?” तो म्हणाला आणि नातसुनेकडे वळला. “अवं पोरी, साहेबाले दही वाढ. साहेब तापले!”

पुन्हा हशा. शंकरच्या डोळ्यांत पाणी येईतो हशा. मला दही वाढण्यात आले.

परतल्यावर मी गजाननला पत्र लिहिले. नंतर दुसरे लिहिले, रजिस्टर पोस्टाने. आयुष्यभर मी महानगरपालिकेस, वीज कंपनीस, रेल्वेस पत्रे लिहिली आहेत आणि त्यांपैकी अनेकांना उत्तरे आली आहेत, मोघम का होईनात. गजाननकडून पत्र आले नाही; फोन आला. “अहो साहेब, तुमी बी न! अशी गोष्ट कोनी पोस्टानं इचारते काय? मले आता काय याद राहते?” मी म्हणालो, “मग बोललास का?” तो म्हणाला, “बोलन्यात निघून गेलं.” मी विचारले, “म्हणजे तिनं विचारलंच नव्हतं?” तो म्हणाला, “इचारलं असन बी.” आणि मग त्याने तुरीची चौकशी सुरू केली, जणू तूर मी पेरली होती.

‘इचारलं असन बी.’ विचारले असेलही. माझ्या साऱ्या वकिलीत मी इतके निर्दय वाक्य ऐकले नाही.

मला पूर्ण कल्पना आहे की या प्रकरणात कोणतीही दाद मिळण्यासारखी नाही. मुदत तर केव्हाच संपली. तिने समजा विचारले असेल, ‘हा पोरगा येईन का संक्रांतीले?’, तरी त्या बंगळीवरचे मौन तसेच राहिले असते, माझ्या आईचे सोवळे तसेच राहिले असते, आणि आम्ही दोघे सोळा वर्षांचेच असतो. आणि तिने समजा विचारले असेल, ‘हा असा काहून बोलते, पुस्तकावानी?’, तर मग माझ्या हातात काहीच उरत नाही. धुऱ्यावरचे ते एकवचनही नाही. पहिले उत्तर मिळाले तर जे कधी माझे झाले नाही ते माझे होऊ शकले असते एवढेच कळेल, आणि ते कळून मी काय करणार? दुसरे मिळाले तर वर्षानुवर्षे जपलेली एक उबदार जागा विझेल. दोन्हीकडे माझा तोटाच आहे. पत्नीला मी हे सांगितले. ती भाजी निवडत होती. म्हणाली, “लिहून टाका एकदाचं. नाहीतर पोळीचीसुद्धा उलटतपासणी घ्याल.” म्हणून लिहीत आहे.

परंतु तोटा असला तरी मला निर्णय हवा आहे. ‘येजो’ मला म्हणाली होती की भाजीवाल्याला म्हणतात तसे म्हणाली होती, हे कळण्याचा एकमेव मार्ग आता एका माणसाच्या तोंडात आहे, आणि तो माणूस माझे तोंड दह्याने बंद करतो. कुंदाची साक्ष कोणी कधी घेतली नाही. आम्ही सर्वांनी मिळून तिचा विनोद केला, तिने मांडवात एकदा हरकत नोंदवली, आणि आम्ही पुढची जिलबी मागितली. ती आता पुन्हा हरकत नोंदवणार नाही.

तेव्हा, गजाननराव, हे तुम्हांला उद्देशून आहे. ज्या साप्ताहिकात हे छापले जाईल त्याचा अंक तुमच्याकडे येतो आणि तुमच्या सूनबाई तो वाचून दाखवतात, हे मला ठाऊक आहे. फोन करू नका. निरोप पाठवू नका. मला बाजूला घेऊन, खांद्यावर हात ठेवून, हळू आवाजात काहीही सांगू नका. खासगीत दिलेले उत्तर मी स्वीकारणार नाही, कारण विनोद खासगीत झाला नव्हता. माझ्या, आमच्या बायकांच्या, मुलांच्या आणि नातवंडांच्या देखत तो झाला, आणि एकदा खुद्द तिच्याही देखत झाला. तुमच्या शेतातला ज्वारीचा तुकडा अजून उभा आहे. चीक अजून भरलेला आहे. त्याच सर्व मंडळींना पुन्हा बोलवा, आणि त्या रविवारी बंडी गेल्यावर कुंदाने तुम्हांला माझ्याविषयी नेमके काय विचारले, ते तिच्या शब्दांत, तिच्या बोलीत, एकवचन असेल तर एकवचनासह, सर्वांसमोर उभे राहून सांगा. तिने काहीच विचारले नसेल आणि तुम्ही ते वाक्य हशा पिकावा म्हणून जोडले असेल, तर तेही तसेच उभे राहून सांगा. आणि आठवत नसेल, तर ‘आठवत नाही’ एवढेच म्हणा, मोठ्याने म्हणा, आणि म्हणताना हसू नका.